कझाक नवरीची गोष्ट काढायला निघालेल्या मुलीस

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या कॉमिकची सोळा पानं मिळाली, सावकाश पाहिली. घोडे फार सुंदर आलेत. दौडताना घोड्याची मान कुठे ताणते आणि कुठे सैल पडते हे तुला दिसतं, आणि ते शिकवून येत नाही. ही गोष्ट तू शेवटापर्यंत न्यावीस असं मला मनापासून वाटतं, म्हणून पुढचं सगळं स्पष्टच लिहिते.

तुझ्या पानांत एक मुलगी आहे, एक मुलगा आहे, क्षितिजापर्यंत गवत आहे. एकोणिसाव्या शतकातला कझाक प्रदेश, असं तू पहिल्याच चौकटीत लिहिलंस. पण ही दोघं खातात काय, दूध कोण काढतं, रात्री ज्या तंबूत निजतात तो कुणी उभा केला, आणि मुलगी सासरी आली तेव्हा तिच्या बापाच्या कळपात किती जनावरं वाढली, यातलं काहीच मला दिसलं नाही. भटक्या समाजातलं प्रेम काढायचं तर ते कामात आणि देण्याघेण्यातच शोधावं लागतं. मोकळ्या आभाळाखाली दोनच जीव, ही कल्पना आपली, शहरातल्या माणसांची. तिथे एकटं कुणी नसेच.

लग्न ठरे ते दोन घरांत, पुष्कळदा मुलं लहान असतानाच. सात पिढ्यांच्या आत पूर्वज एक निघाला तर सोयरीक होत नसे; पोराला आपल्या सात पूर्वजांची नावं पाठ असावी लागत. त्यामुळे सून यायची ती लांबून, दुसऱ्या कुळातून, आणि ते कुळ म्हणजे उद्या कुरणाच्या किंवा पाण्याच्या भांडणात आपल्या बाजूने उभी राहणारी माणसं. मुलाकडून मुलीच्या बापाला जनावरांच्या रूपात जे जाई ते कालिम. आपल्याकडे अनेक जातींत देज द्यायची रीत होती, तिच्याच जातकुळीतला हा व्यवहार. जुन्या नोंदींत ४७ जनावरं हा आकडा वारंवार येतो. श्रीमंतांकडे त्याहून जास्त, गरिबाकडे बरंच कमी. आणि हे एका दिवसात दिलं जात नसे. हप्त्याहप्त्याने वर्षानुवर्षं चाले.

आता हिवाळ्याचा विचार कर. बर्फ थोडा वितळून पुन्हा गोठला की वर कडक थर बसतो. घोड्या-मेंढ्यांना खुरांनी तो फोडता येत नाही, खालचं गवत मिळत नाही, आणि कळपच्या कळप उपाशी मरतात. याला ते 'जूत' म्हणतात. असा एक हिवाळा आला की उरलेला कालिम कुठून द्यायचा? लग्न लांबतं, किंवा मोडतं. तू त्या दोघांच्या आड येणारा एक दुष्ट पुतण्या आणला आहेस. त्याला काढून टाक आणि जूत आण. माणूस वाईट नसतानाही प्रेम कसं अडतं, हे तुझ्या वाचकाला पहिल्यांदा कळेल.

याच हप्त्यांच्या काळातली एक रीत तुला माहीत नसावी, नाहीतर तू ती नक्की काढली असतीस. कालिमचा बराचसा भाग पोचला की मुलगा मुलीच्या वस्तीवर जाई, पण चोरून. 'ऊरीन बारू' म्हणत त्याला. सगळ्या वस्तीला ठाऊक असे, तरी चोरूनच. सासऱ्याच्या नजरेसमोर यायचं नाही, मित्रांबरोबर लांब उतरायचं, आणि पुढची सगळी सूत्रं मुलीच्या वहिनीच्या हाती. वहिनी प्रत्येक पायरीला भेट घेणार: मुलीचा हात धरू देण्याची वेगळी, तिच्या केसांवरून हात फिरवू देण्याची वेगळी. ही वहिनी स्वतः काही वर्षांपूर्वी अशीच पडद्यामागे बसलेली होती. तिचा चेहरा नीट काढ. ती थट्टा करतेय, भेटवस्तू निरखतेय आणि नणंदेची काळजीही करतेय. माझ्या मते तुझ्या गोष्टीतलं सर्वात मोठं पात्र तीच आहे, आणि तुझ्या पानांत ती अजून जन्मलेलीच नाही.

मग तंबू. तू तो मागे त्रिकोणासारखा उभा करून ठेवला आहेस. यर्ट, म्हणजे तिथला गोल तंबू, त्रिकोणी नसतो. खाली उघडमीट करता येणाऱ्या लाकडी जाळ्यांची गोल भिंत, तिला 'केरेगे' म्हणतात. त्यावर खालच्या टोकाशी वाकवलेल्या काठ्या, 'उइक'. सगळ्या काठ्यांची टोकं ज्यात अडकतात ते वरचं लाकडी कडं म्हणजे 'शान्यराक'. त्यातून धूर बाहेर जातो आणि उजेड आत येतो. बाहेरून नमदे, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड, आतून विणलेले रुंद पट्टे. दारातून आत शिरलं की उजवीकडे बायकांची बाजू, दूध-भांड्यांची. डावीकडे पुरुषांची, खोगीर-लगामाची. दारासमोर सगळ्यात आत 'तोर', पाहुण्याचा मान. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. एवढं कळलं तरी कोण कुठे बसलंय यावरून तुला नाती दाखवता येतील, संवादाची गरज पडणार नाही.

आणि हे घर येतं कुठून? ऐपत असलेल्या माहेरातून नव्या जोडप्याचा पांढरा तंबू, 'ओताउ', लेकीच्या दहेजात येत असे. त्यासाठी लोकर काठ्यांनी झोडपायची, बोरूच्या चटईवर पसरायची, कढत पाणी शिंपडायचं, चटईची गुंडाळी करून ती पायांनी लाटत न्यायची, मग बायकांनी ओळीने गुडघ्यांवर बसून कोपरापासून पुढच्या हातांनी दाबत राहायचं. एका नमद्यासाठी आळीतल्या सगळ्या बायका लागत. तंबू उभारणं, उतरवणं, उंटावर लादणं हेही बायकांचंच काम. म्हणजे सासरी गेलेली मुलगी कुळाने परकी असली तरी जिच्या छताखाली ती निजते ते छत तिच्या आईने आणि मावश्यांनी दाबून काढलेलं असतं. तुझ्या नायिकेला पहिल्या रात्री रडायचं असेल तर घोड्यावर बसून सूर्यास्ताकडे बघत नको. नमद्यावर हात ठेवून रडू दे.

लग्नाचे विधी तू एका पानात उरकलेस. तिथे थांब. माहेर सोडताना मुलगी स्वतः निरोपाचं गाणं म्हणते, घरातल्या एकेकाला उद्देशून. सासरी पोचल्यावर सासऱ्याच्या चुलीत चरबी ओतते, आगीचा भडका उडतो. मग 'बेताशार': नवरी तोंडावरून वस्त्र घेऊन उभी, गायक दोंब्रा हे तंतुवाद्य वाजवत सासरच्या एकेका माणसाचं नाव घेतो, ती प्रत्येकापुढे वाकते, आणि शेवटी चेहऱ्यावरचं वस्त्र दूर होतं. कॉमिकमध्ये हे किती अंगानं काढता येईल बघ: आधी तिच्या वस्त्राआडून दिसणारे नुसते पाय, जोडे, कुणाची काठी, एखादं पोर. वाचकाला सासरची माणसं तिच्याइतकीच उशिरा दिसू देत.

डोक्यावरचं वस्त्र फार जपून काढ. कुमारिकेची घुबडाच्या पिसांची टोपी, लग्नातलं उंच निमुळतं साउकेले, आणि मूल झाल्यावर बाईचा पांढरा किमेशेक, ज्यात फक्त चेहरा उघडा राहतो. 'पाच वर्षांनंतर' असं लिहायची गरजच पडणार नाही. नक्षीही सरमिसळ करू नकोस. तू मुलीच्या तंबूत जे गालिचे टाकलेस त्यांवरची 'ग्योल' ही अष्टकोनी नक्षी तुर्कमेनांची आहे. कझाक नमद्यांवर मेंढ्याच्या वळलेल्या शिंगांची नक्षी असते. तुर्कमेन नवरी हवी असेल तर ती वेगळी गोष्ट, वेगळे दागिने, उंटावरची वेगळी डोली. दोघींना एकाच पोशाखात कोंबू नकोस.

सुनेने सासरच्या थोरांची नावं घ्यायची नाहीत, हा नियम तिथे फार कडक होता. ती प्रत्येकाला दुसरं नाव देई. यावर कझाकांची एक लोककथा आहे. एका घरात सासरच्या माणसांची नावं नदी, बोरू, मेंढी, लांडगा, सुरी आणि धार लावायचा दगड अशी होती. एकदा लांडग्याने मेंढी धरली. सून धावत आली आणि ओरडली, "वाहत्याच्या पलीकडे, सळसळत्याच्या आड, बेंबें करणाऱ्याला हूहू करणारा खातोय, घासायच्यावर कापायचं घासा आणि या लवकर!" उखाण्यांवर वाढलेल्या आपल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. नाव न घेता नवऱ्याला हाक कशी मारायची, यात दोन माणसांतली जवळीक किती तऱ्हांनी येईल! तुझी नायिका मात्र पानोपानी त्याचं नाव घेतेय.

मुलगा घरात कितवा, हेही ठरव. थोरले मुलगे लग्नानंतर आपला वाटा घेऊन वेगळे होत, बापाची चूल धाकट्याकडे राही. धाकट्याची बायको जन्मभर सासूबरोबर; थोरल्याची थोड्याच काळात आपल्या तंबूची मालकीण.

आता अवघड भाग. तुला ज्या जपानी कॉमिकने वेड लावलं, काओरू मोरी यांचं 'ओतोयोमेगातारी', त्यात नवरी २० वर्षांची आणि नवरा १२ वर्षांचा आहे. २००८ साली सुरू झालेल्या त्या मालिकेतलं भरतकाम आणि लाकडावरचं कोरीवकाम मीही तासन्‌तास पाहिलंय. पण तिची नक्कल करू नकोस, आणि वयाचा प्रश्न गोड करून टाकू नकोस. आपल्या मागे रखमाबाई आहेत. अकराव्या वर्षी लग्न झालं, नवऱ्याने १८८४ साली कोर्टात खेचलं, १८८७ साली निकाल आला की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, आणि त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला तेव्हा पुण्यात किती आग पेटली होती हे तू वाच. ही सगळी तुझ्या गोष्टीच्याच काळातली माणसं. मराठी मुलीने बालविवाहाचं चित्र काढताना त्यांना विसरून चालणार नाही.

तसंच विधवेचं. नवरा वारला की तिने दिराशी लग्न करावं, अशी तिथली रीत. त्यामुळे मुलं आणि कळप घरात राहत, तिला आसरा मिळे. आणि तिची इच्छा बहुधा कुणी विचारत नसे. दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत खऱ्या आहेत. त्यातली कुठलीही एक पुसलीस तर दुसरी खोटी होईल. पळवून नेण्याचा प्रसंग तू रोमांचक काढला आहेस. तो काढून टाक अशी माझी विनंती आहे. मुलगी राजी असताना पळून जाणं आणि तिला उचलून नेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. किर्गिझस्तानात आज तो कायद्याने गुन्हा आहे आणि तरीही मुली उचलून नेल्या जातात. त्यांच्यातली एखादी उद्या तुझं पान पाहील, हे लक्षात ठेव.

साल पक्कं कर. नुसतं 'एकोणिसावं शतक' पुरत नाही. १८६५ मध्ये रशियाने ताश्कंद घेतलं. १८६७-६८ च्या नव्या कारभाराने कझाकांच्या कुरणांची जमीन सरकारी ठरवली आणि प्रदेशाचे जिल्हे पाडले. पूर्वी हिवाळी मुक्काम इथे आणि उन्हाळी कुरण तिथे, असं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असे. आता मध्ये नकाशावरच्या रेघा आल्या. त्या आधीच्या नवरीची चिंता आणि नंतरच्या नवरीची चिंता एक नाही. मी तुझ्या जागी असते तर आईचं लग्न १८६० च्या सुमारास आणि लेकीचं १८८० नंतर ठेवलं असतं, आणि दोघींची वाट एकाच टेकडीवरून नेली असती.

चित्रांसाठी 'तुर्कस्तान अल्बम' बघ. तुर्कस्तानचा रशियन गव्हर्नर जनरल कौफमान याच्या हुकमावरून १८७१-७२ साली तयार झालेले फोटो आहेत, त्यात लग्नाचे विधीही आहेत, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते इंटरनेटवर मोफत ठेवलेत. एक सांभाळ: त्या काळचे रशियन लोक कझाकांनाच 'किर्गीझ' म्हणत, म्हणून फोटोखालचं नाव वाचून फसू नकोस. आणि ते फोटो सत्ताधाऱ्याने काढवून घेतलेत. माणसं ताठ उभी आहेत ती कॅमेऱ्यापुढे. घरात ती तशी उभी राहत नसणार.

शरीराच्या हालचाली मात्र फोटोतून मिळणार नाहीत. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणाकडे निघतात, तेव्हा विचारून, परवानगी घेऊन, त्यांच्यात जाऊन बस. धनगर म्हणजे कझाक नव्हेत, त्यांची नक्षी आणि रीती उचलून तिकडे नेऊ नकोस. पण बाई घोड्यावर बिऱ्हाड लादते तेव्हा दोर दातात कसा धरते, गुडघा कुठे टेकवते, आणि त्याच वेळी पोराला कशी दटावते, हे पाहिल्याशिवाय तुझ्या बायका पोशाख घातलेल्या बाहुल्या राहतील.

पुढच्या वेळी लग्नाची पानं नको पाठवूस. चार पानं पाठव: उन्हाळी कुरणावर पोचल्यावर सासू आणि नवी सून तंबू उभारताहेत. नवरा कळपाबरोबर मागे आहे, तो चौथ्या पानाच्या शेवटी आला तर येऊ दे. संवाद जमेल तितके कमी. शान्यराक वर उचलून धरायला तिसरं माणूस लागतं, ते कोण हे तू ठरव. आणि शाई थोडी पातळ कर. नक्षीवर ती फार काळी बसतेय, दोरा आणि कापड वेगळं दिसत नाही.

— बाई