मोबाइलच्या मॅपमुळे आपल्याला गाव कळायची पद्धत बदलते का?

तुम्ही विचारलंय की मॅप, लाइव्ह लोकेशन वगैरेमुळे माणसाची जागेची जाण खरंच बदलते का नुसती सोय होते. माझं उत्तर, बदलते, आणि साताऱ्यात ते रोज दिसतं. आमचं यवतेश्वरच्या रस्त्याला छोटं होमस्टे आहे त्यामुळं मॅप लावून आलेली माणसं मी सारखी बघते.

इथं पत्ता सांगायची रीत म्हणजे आधी किल्ल्याकडं तोंड करा. अजिंक्यतारा दक्षिणेला आणि गाव त्याच्या पायथ्यापासून उत्तरेकडं उतरत गेलेलं, त्यामुळं मोती चौकात किल्ल्याकडं तोंड करून उभं राहिलं की डाव्या अंगाला पोवई नाका, उजवीकडं राजवाडा. राजपथ म्हणजे वरचा रस्ता आणि त्याच्या खालून जातो तो खालचा रस्ता. म्हणजे चढ-उतार हीच आमची दिशा, अंधारात पण पायाला कळतं आपण कुठं चाललोय ते. मोबाइलमध्ये मात्र मधोमध निळा ठिपका म्हणजे आपण, आणि आपण वळलो की सगळं गावच आपल्याभोवती फिरतं, किल्ला कधी वर कधी बाजूला, बऱ्याचदा तर स्क्रीनच्या बाहेरच.

आणि चढ तर मोबाइलच्या साध्या नकाशात दिसतच नाही. यवतेश्वर घाटात रस्ता वळून परत स्वतःच्याच डोक्यावर येतो, मॅपवर त्या दोन रेघा एकमेकींना चिकटून असतात पण मध्ये उभा डोंगर असतो. जीपीएसची चूक उघड्यावर पाचेक मीटरची, डोंगराच्या आडोशाला जास्त, आणि ॲप आपला ठिपका जवळच्या रस्त्यावर नेऊन बसवतं, तो वरचा का खालचा हे त्याला नेहमी कळतंच असं नाही. मग फोन येतो, "वहिनी, मॅप म्हणतोय पोचलो, पण इथं तर काहीच नाही." मी एवढंच विचारते की खाली शहर दिसतंय का, अन् किल्ला तुमच्यापेक्षा उंच वाटतोय का बरोबरीला आलाय? गंमत म्हणजे बऱ्याच जणांनी तोपर्यंत मान वर करून बघितलेलंच नसतं, काचेबाहेर एवढा मोठा किल्ला असून!

पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये (चौकाखालून जाणारा भुयारी रस्ता, २०२१ ला सुरू झाला) तसंच, आत गेलं की सॅटेलाइटचा सिग्नल तुटतो आणि नेमके तिथंच फाटे फुटतात, तिथं पाटी वाचणाराच बरोबर बाहेर पडतो.

हे नुसतं सवयीचं नाही, मेंदूचं पण आहे. आपण कुठं आहोत ते नोंदवणाऱ्या पेशी मेंदूत असतात, शास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांनी त्या १९७१ मध्ये दाखवल्या आणि २०१४ ला त्यांना मोझर दांपत्याबरोबर नोबेल मिळालं. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना लायसन्ससाठी हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात, २००० सालच्या अभ्यासात त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा (जागा लक्षात ठेवायला लागणारा भाग) मागचा भाग इतरांपेक्षा मोठा दिसला. डोक्यात नकाशा रचणं हे कामच आहे आणि सतत उजवीकडे वळा डावीकडे वळा ऐकत गेलं की ते काम होतच नाही असं मला मनापासून वाटतं.

पण मोबाइल ठेवून द्या असं मी अजिबात म्हणणार नाही. एकट्या बायका, पोरी आता रात्री पण गाडी घेऊन अनोळखी रस्त्याला येतात, हे धाडस मॅपनं दिलंय आणि ते फार मोठं आहे. माझी मुलगी पुण्याहून निघाली की लोकेशन पाठवते, मग खंबाटकी पार झाली, पाचवड आलं, आता आनेवाडी टोलनाका, असं बघत मी कुकर लावते. पूर्वी पुणे-सातारा हे अंतर म्हणजे नुसती वाट बघायची घालमेल होती, आता त्यात गावं दिसतात.

तुम्ही एक करून बघा, नेव्हिगेशनच्या सेटिंगमध्ये उत्तर कायम वर ठेवायचा पर्याय आहे तो चालू करा. पहिले काही दिवस अवघड जातं कारण दक्षिणेला जाताना डावं-उजवं उलटं वाटतं. पण साताऱ्यात त्यामुळं किल्ला स्क्रीनवर कायम गावाच्या खालच्या अंगाला राहतो, जागचा हलत नाही. टेरेनचा (चढ-उतार दाखवणारा) लेयर पण लावा म्हणजे घाटात डोंगराच्या घड्या दिसतील. आणि निघायच्या आधी पूर्ण रस्ता एकदा झूम आउट करून बघून घ्या, मोठी वळणं लक्षात ठेवा, आवाज बंद करा आणि अडलं तरच स्क्रीनकडं बघा.