प्रश्न वाचकांचे : चार किर्बी, एक केबल

प्रश्न : मुलांच्या मामांनी नागपूरहून हातात धरून व्हिडिओ गेम खेळायची दोन जुनी यंत्रे आणली, एक गेमबॉय अॅडव्हान्स एसपी आणि एक डीएस लाइट. सोबत ‘किर्बी अँड द अमेझिंग मिरर’ या खेळाच्या दोन कॅसेट आणि जोडायची केबल आहे. चौघांना एकत्र खेळता येते असे ऐकले होते, पण केबल डीएसला बसतच नाही. थोरला एकटा खेळतो, तर फिरून फिरून त्याच खोलीत येतो. कॅसेट बिघडली असेल का? (एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : कॅसेट चांगली आहे आणि केबलही. डीएस लाइटच्या खालच्या कडेला गेमबॉय अॅडव्हान्सच्या कॅसेटसाठी खाच आहे, म्हणून खेळ चालू होतो. मात्र केबलचे तोंड त्या यंत्राला दिलेलेच नाही आणि त्याचे वायरलेसही या जुन्या खेळांच्या कामी येत नाही. दोघांनी मिळून खेळायचे तर दोघांकडेही गेमबॉय अॅडव्हान्स किंवा एसपी हवे आणि प्रत्येकात आपापली कॅसेट हवी. कॅसेट दोन आहेतच, तेव्हा मामांना डीएसच्या बदल्यात साधा गेमबॉय अॅडव्हान्स पाहायला सांगावे. तो दोन पेन्सिल सेलवर चालतो, त्यामुळे लोडशेडिंगची धास्ती नाही. पण त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो, म्हणून तो दिवसा ओसरीवर बसून खेळण्याचा.

आता वाट चुकण्याविषयी. किर्बी म्हणजे शत्रूला गिळून त्याची शक्ती घेणारा गोल गुलाबी गडी. 2004 साली आलेला हा खेळ त्याच्या इतर बहुतेक खेळांसारखा डावीकडून उजवीकडे सरळ धावत नाही. यात फुटलेल्या जादूच्या आरशाचे तुकडे गोळा करायचे असतात. ते आठ तुकडे वेगवेगळ्या प्रदेशांत विखुरलेले आहेत आणि कुठून सुरुवात करावी हे कोणी सांगत नाही. आपल्याकडच्या पांदणी जशा एका धुऱ्यावरून तीन शेतांत फुटतात, तशी इथली दारे फुटतात, आणि काही दारांतून तर परत फिरताच येत नाही. त्या-त्या भागाचा नकाशा पेटीत सापडेपर्यंत मुलगा चाचपडणारच. मोठे बटण दिसले की ते दाबल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण त्याने मधल्या दालनातून नवी वाट उघडते आणि पुढच्या वेळचा फेरा वाचतो. दोरी आडवी आली तर कापण्याची शक्ती लागते, खुंटा आला तर हातोडा. ती शक्ती ज्या शत्रूला गिळून मिळते तो मागच्याच एखाद्या खोलीत असतो. म्हणून ‘तीच खोली पुन्हा’ ही चूक नव्हे, बहुधा तिथेच काही उचलायचे राहिलेले असते.

दुसरे यंत्र मिळेपर्यंत धाकट्याच्या हाती चौकटीची वही द्यावी. थोरला खेळेल आणि धाकटा प्रत्येक खोलीचा चौकोन काढून दाराला बाण करील. परतीची वाट नसलेल्या दाराचा बाण लाल असावा. माझ्या मते केबलपेक्षा ही जोडी अधिक कामाची आहे, कारण केबल लावली तरी दोघे एकाच खोलीत असतीलच असे नाही. प्रत्येकाचा पडदा आणि प्रत्येकाची वाट वेगळी राहते.

या खेळात एका किर्बीचे चार होतात. एकट्याने खेळतानाही उरलेले तीन किर्बी यंत्र स्वतः चालवते. किर्बीजवळच्या खेळातल्या फोनवरून बोलावले की ते धावत येतात, पण त्या फोनच्या भरलेल्या बॅटरीवरही तीनच वेळा. वाट शोधायला त्यांचा फारसा उपयोग नाही. थोरल्याने ते तीन फोन दांडग्या शत्रूंच्या लढाईसाठी राखून ठेवावेत.