साथीच्या कादंबरीतील घरचे दुःख

प्रश्न : १८९७ सालच्या पुण्यातील प्लेगच्या पार्श्वभूमीवर मी कादंबरी लिहीत असून, मुलगा दगावलेल्या एका कुटुंबाची ती कथा आहे. माहिती पुष्कळ जमवली आहे, परंतु आईचा शोक काही केल्या खरा वाटत नाही. सोबतचे प्रकरण वाचून मार्गदर्शन करावे.

उत्तर : आपल्या प्रकरणात मुलगा जाताच आई हंबरडा फोडते आणि आळी गोळा होते. इथेच काळ निसटला आहे. त्या वर्षीच्या मार्चपासून पुण्यात गोरे सोजीर घरोघर झडती घेत होते. रोगी सापडला की त्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत, अंथरुणे-पांघरुणे जाळून टाकत, त्यामुळे लोक आजारच नव्हे, तर मृत्यूही लपवीत. अशा घरात मोठ्याने रडणे म्हणजे आपणहून वर्दी देणे होय. सुनेच्या तोंडावर पदर दाबून धरणारी सासू निष्ठुर नाही, तिला उरलेली नातवंडे वाचवायची आहेत. एरवी सुतकाच्या घरी शेजारून पिठले-भात येतो. इथे मात्र धूर दिसला नाही तर संशय येईल म्हणून त्याच आईला चूल पेटवावी लागेल. कादंबरीचे बळ मला या कोंडलेल्या शोकात दिसते.

आपले वैद्यबुवा पिसवांना दोष देतात, ते काढावे. पिसवांमुळे रोग पसरतो असे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये मांडले आणि तेही लगेच कोणी मानले नाही. घरात उंदीर मरून पडू लागले की जागा सोडावी, काखेत वा जांघेत गाठ आली की आशा सोडावी, एवढेच पात्रांना ठाऊक असू द्या. पुण्यातील प्लेग-बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावरील २२ जूनच्या हल्ल्याचे वर्णन चांगले उतरले आहे, पण ते या घराचे नाही. त्याची बातमी ओसरीवर पोहोचली तरी पुरे. (रुग्णसेवा करताना १० मार्चला प्लेगनेच गेलेल्या सावित्रीबाई फुले यांना पात्र करण्याचा मोह आपण टाळलात, हे उत्तम.)

पुनर्लेखनात धाकट्या बहिणीकडे लक्ष द्यावे. झडतीवाल्यांनी विचारलेच, तर ‘दादा मामाकडे गेलाय’ असे तिला सांगायचे आहे, आणि हे वाक्य तिच्याकडून घोकून घेण्याचे काम आपण आजीला दिले आहे. ते आईला द्यावे.