जैविक घड्याळ आणि म्हातारपण: प्रश्नोत्तरे

प्रश्न: कमी खाल्ल्याने उंदरांचं आयुष्य वाढतं हे कधीच सिद्ध झालंय. मग आता जेवणाच्या वेळेचा एवढा बोलबाला कशासाठी?

कारण जुन्या प्रयोगांमध्ये वेळेची भेसळ होती. कमी आहारावरच्या उंदराला दिवसाचं खाणं एकदम दिलं, की तो ते साधारण दोन तासांत फस्त करतो आणि पुढचे बावीस तास उपाशी राहतो. खाणंही घटलं, उपासही लांबला; मग श्रेय कुणाला द्यायचं? त्यात उंदीर निशाचर, आणि त्याला खाणं घालणारी माणसं दिवसा कामावर येणारी.

जैविक घड्याळाचे अमेरिकी संशोधक जोसेफ ताकाहाशी यांच्या गटाने २०२२ मध्ये ही भेसळ निस्तरली. स्वयंचलित यंत्रातून मोजून गोळ्या दिल्या. कमी आहाराच्या सगळ्या गटांना कपात सारखीच, ३० टक्के. तेच खाणं चोवीस तासांत विखरून दिलं तर आयुष्य सुमारे १० टक्के वाढलं. फक्त दिवसा, म्हणजे उंदरांच्या विश्रांतीच्या वेळी दिलं तर २०. फक्त रात्री दिलं तर ३५. या गटांच्या वजनांत फरक नव्हता, त्यामुळे 'बारीक झाले म्हणून जगले' हे उत्तर इथे चालत नाही. मात्र हे एकाच वाणाचे नर उंदीर होते. ३५ टक्क्यांचा आकडा कुणी माणसांना लावून दाखवत असेल तर सरळ दुर्लक्ष करा.

प्रश्न: जैविक घड्याळाचं, म्हणजे शरीराची चोवीस तासांची लय चालवणारं जनुक काढलं की प्राणी लवकर म्हातारा होतो, हे खरं का?

अर्धंच. 'बीमॅल१' जनुक जन्मापासून नसलेले उंदीर सरासरी ३७ आठवडेच जगले. स्नायू झिजले, मोतीबिंदू झाले (२००६). पण २०१६ मध्ये हेच जनुक मोठेपणी बंद करून पाहिलं, तेव्हा दैनिक लय गेली तरी आयुष्यमान नेहमीसारखं राहिलं. म्हणजे आधीच्या नुकसानीतला बराच भाग वाढीच्या काळातला होता.

प्रश्न: तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांच्या यकृतातली जनुकं किती सक्रिय आहेत याची तुलना करायची आहे. सकाळी दहाला एकदाच नमुने घेतले तर चालेल?

नाही चालणार. समजा, म्हाताऱ्यांमध्ये एखाद्या जनुकाच्या सक्रियतेचा रोजचा कळस दोन तास अलीकडे सरकलाय. दहा वाजता तरुणांचा आलेख अजून चढतोय, म्हाताऱ्यांचा शिखरावर आहे. तुम्ही लिहिणार 'वयानुसार वाढ', आणि प्रत्यक्षात पातळी तेवढीच, फक्त वेळ हललेली. उलट दोन्ही आलेख जिथे एकमेकांना छेदतात तिथे नमुना घेतलात, तर लयीची उंची निम्मी झालेली असूनही 'फरक नाही' असं दिसेल.

दर चार तासांनी, ४८ तास, म्हणजे १२ वेळा नमुने घ्या. प्रत्येक वेळी प्रत्येक वयाचे तीन धरले तर ७२ उंदीर लागतात. एवढे नसतील तर २४ तासांवर भागवा, पण मग लय पुन्हा तशीच येते असा दावा करू नका.

आधी किमान दोन आठवडे १२ तास उजेड, १२ तास अंधार ठेवा. उजेडाच्या इशाऱ्याविना चालणारी आतली लय पाहायची तर नंतर संपूर्ण अंधार करून दुसऱ्या दिवशी नमुने घ्या. फार लांबवू नका: अंधारात 'सी५७' या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदीर-वाणाचं चक्र साधारण २३.७ तासांचं असतं, दहा दिवसांत ते भिंतीवरच्या घड्याळाच्या तीन तास पुढे जातं. काम मंद लाल दिव्यात करा, मोबाइल खोलीबाहेर. आणि आधी सगळे तरुण, मग सगळे म्हातारे असं कापू नका. आलटून पालटून घ्या, नाहीतर कापाकापीत गेलेला तासच 'वयाचा परिणाम' म्हणून दिसतो.

चाकावरची धाव मोजणार असाल तर सोबत हालचाल टिपणारा इन्फ्रारेड सेन्सर लावा. सांधे दुखणारा उंदीर चाकावर चढत नाही, त्याचं घड्याळ ठीक असलं तरी.

प्रश्न: वडील सत्तर वर्षांचे. आठलाच पेंगतात, पहाटे चारला जागे. मेलॅटोनिन द्यावं का?

या तक्रारीत संध्याकाळचं मेलॅटोनिन (शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक) उलटं पडू शकतं. ते घड्याळ आणखी अलीकडे ओढतं. उजेड वापरून पाहा. नेहमीच्या जागं होण्याच्या सुमारे दोन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत कमी असतं. त्याआधी मिळालेला उजेड झोपेची वेळ उशिरावर नेतो, नंतरचा ती आणखी लवकर आणतो. म्हणून चारला उठून लख्ख दिवा लावणं टाळा, सहा-साडेसहापर्यंत मंद प्रकाशात राहू द्या. संध्याकाळी सात ते नऊ मात्र भरपूर उजेडात बसवा. वयानुसार डोळ्याचं भिंग पिवळट होऊन निळा प्रकाश अडवतं, त्यामुळे कोपऱ्यातला मिणमिणता दिवा पुरत नाही. दोन आठवडे रोज करा. डोळ्याच्या पडद्याचा आजार किंवा बायपोलर विकार असेल तर तेजस्वी दिव्याआधी डॉक्टरांना विचारा.