दहावीचा दाखला जपून ठेव

भाचीने तुझा मेसेज पुढे पाठवला. धुळ्याला बीएएमएसची इंटर्नशिप संपत आलीये, वय २३, घरी पारोळ्याला स्थळं बघणं सुरू, आणि तुला जर्मनीत येऊन आयुर्वेद, योग, वेलनेस यातच काम करायचंय. ‘मावशी, आतापासून काय तयारी करू?’ दोन ओळींत उत्तर देणार होते. पण रात्री झोपच लागेना, म्हणून हे लांबण.

व्हिसाचे प्रकार, ब्लॉक्ड अकाउंट (खर्चासाठी बँकेत अडकवून ठेवायचे पैसे), चान्सनकार्ट म्हणजे नोकरी शोधायला येण्याच्या परवान्याचे गुण, हे सगळं दूतावासाच्या साइटवर आहे. ते तिथेच वाच.

पहिली गोष्ट, इकडे तू डॉक्टर नाहीस. मनाला लावून घेऊ नकोस, पण कार्डावरही ‘डॉ.’ छापू नकोस. इथे ती पदवी पीएचडीसारखी कमवावी लागते, आणि नसताना लावली तर फौजदारी गुन्हा आहे. अमळनेरला आमच्या गल्लीत मला अजून ‘डॉक्टरीणबाई’ म्हणतात. इथे बव्हेरियात माझ्या दाराच्या पाटीवर नुसतं नाव आणि खाली ‘हाइलप्राक्टिकर’.

डॉक्टर नसताना स्वतंत्रपणे रुग्ण बघायचे, तर हा परवाना लागतो. कायदा १९३९ चा. परीक्षा आरोग्य खातं घेतं, वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबर. ६० प्रश्न, ४५ बरोबर यायला हवेत, मग तोंडी. आयुर्वेदावर एकही प्रश्न नाही. वात-पित्त-कफ नाही, चरक नाही. शरीररचना, रोगनिदान, संसर्गजन्य रोगांचा कायदा, तातडीचे प्रसंग, एवढंच. तुला काय येतं हे त्यांना बघायचंच नसतं. तुझ्यामुळे लोकांच्या जिवाला धोका नाही ना, एवढं बघायचं असतं. तोंडीला मला विचारलं, लांबच्या विमानप्रवासाहून आलेली बाई, एका पायाची पोटरी दुखतेय, सुजलीय, काय कराल? मी म्हटलं, हात लावणार नाही, गुठळी असू शकते, लगेच हॉस्पिटलला पाठवीन. परीक्षकाने मान हलवली. कधी थांबायचं ते कळलं की पास. आणि वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तुझ्याकडे वेळ आहे.

आता कागद. या अर्जाला किमान शालेय शिक्षणाचा पुरावा लागतो. साडेपाच वर्षांच्या बीएएमएसची फाइल मी टेबलावर ठेवली, बाईंनी ती बाजूला सरकवली आणि शाळेचं प्रमाणपत्र मागितलं. दहावीचं! तेही जर्मन भाषांतरासह, इथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून, कारण पुण्यात करून आणलेलं चाललं नाही. बोर्डाच्या प्रमाणपत्रासोबत शाळा सोडल्याचा दाखला जोडला होता, त्यातल्या ‘प्रगती चांगली, वर्तणूक चांगली’ या ओळीचेही मी युरो मोजलेत.

त्याहून वाईट नावाचं. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर लग्नानंतरचं. इंटर्नशिपच्या दाखल्यावर माहेरचं, त्यात एक वेलांटी चुकलेली. खिडकीपलीकडच्या माणसाच्या हिशेबाने त्या तीन वेगळ्या बायका होत्या. कॉलेजकडे दुरुस्ती मागितली तर तिथले बाबू म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही स्वतः या.’ स्वतः या! म्हशी बांधल्यात का मी इथे गोठ्यात, की दोर सोडला आणि निघाले? शेवटी भाऊ मोटारसायकलवर तीन-चार खेपा घालून आला. तेव्हा आत्ताच, इंटर्नशिपचा दाखला हातात पडायच्या आधीच, दहावीपासूनच्या सगळ्या कागदांवर नाव अक्षरशः एकसारखं करून घे. लागलं तर राजपत्रात दे. आणि जळगावचा एखादा एजंट अपोस्टीलचे, म्हणजे परदेशात कागद खरा मानावा म्हणून मारायच्या शिक्क्याचे, पैसे मागेल, तर आधी इथल्या कार्यालयाला विचार. भारत त्या शिक्क्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली होती. आमच्या कागदांना तो शिक्का उपयोगी पडला नाही.

कामाचं सांगते. इथल्या लोकांना आयुर्वेद म्हणजे केरळ, शिरोधारा आणि मंद दिवा. नाडी बघते म्हटलं की हसतात, पण अभ्यंगाला मनापासून येतात. म्हणून पंचकर्मात हात बसव. थिअरीचे गुण कोणी विचारत नाही, तेल किती कोमट आहे ते पाठीला कळतं. भस्मं, रसौषधी डोक्यातून काढून टाक, शिसं-पाऱ्याच्या भीतीने इथे ते चालत नाही. चूर्णं ‘पूरक आहार’ म्हणून विकली जातात आणि त्यावर ‘अमुक आजार बरा होतो’ असं लिहायची सोय नाही. तूप बॅगेत आणू नकोस, भारतातून दूधदुभत्याचे पदार्थ असे युरोपात आणता येत नाहीत. इथे आंबवलेल्या सायीचं लोणी मिळतं, ते मंद आचेवर कढवलं की बेरीसुद्धा आपल्यासारखी येते. आणि तीळतेलाचे टॉवेल! ६० अंशावर धुतले तरी तेल राहतं, ड्रायरमधून गरम काढून घडी घालून ठेवले तर आपोआप पेट घेऊ शकतात. अतिशयोक्ती नाही. दोरीवर वाळव.

पैसे पेशंट खिशातून देतो, सरकारी आरोग्य विमा माझं बिल भरत नाही. योगवर्गांना विमा कंपन्या थोडे पैसे देतात, पण त्यांच्या यादीत बसायला ऋषिकेशचं २०० तासांचं सर्टिफिकेट पुरत नाही. इथल्याच बाड व्योरिसहोफेन गावच्या क्नाइप नावाच्या पाद्र्याचे पाण्याचे उपचार मात्र शिकून ठेव. थंड पाण्यात बगळ्यासारखं चालणं, हातांना गार धार. १९व्या शतकातला माणूस, पण इथल्या आजीबाईंचा अजून विश्वास आहे. त्या भाषेत बोललीस की तुझंही ऐकतात.

खानदेशच्या मे महिन्यातून आलेल्या मुलीला थंड पाण्याचं कौतुक सांगावं लागत नाही म्हणा.

लेकरं असतील-नसतील, पण हे ऐकून ठेव. इथे चौथीनंतर मुलांची वाटणी होते. मे महिन्याच्या सुरुवातीला हातात कागद येतो. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तिन्हींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझिउम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत रेआलशूले, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. एक म्हणजे उत्तम, सहा म्हणजे नापास, उलटं गणित. माझ्या लेकीचं २.६६ आलं. गणितात एक होता गं तिला! परिसर अभ्यासात मार खाल्ला, बीचचं पान आणि ओकचं पान वेगळं ओळखता आलं नाही. बाभूळ, कडुनिंब, पळस झोपेत सांगेल पोर. वर बाई मला म्हणाल्या, घरी जर्मन बोला, तुमची ती बोली बाजूला ठेवा. माझी आई फोनवर तिच्याशी अहिराणीच बोलते, तिला काय सांगू, आजपासून बंद? नऊ-दहा वर्षांच्या लेकराचं भवितव्य कसलं ठरवता? लेक आता दहावीला आहे, खूश आहे, पुढे बारावी करायची वाटही आहे. मलाच ते पचत नाही. अजूनही त्या बाई सुपरमार्केटात दिसल्या की मी दुसऱ्या रांगेत जाते.

एकटेपणाचं विचारलंस. होतो. नोव्हेंबरात जास्त होतो. व्हिटॅमिन डी घे, चालायला जा.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. मी माझ्या डिग्रीवर इथे आलेच नाही. नवऱ्याच्या ब्लू कार्डावर (उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना) आले, त्यामुळे मला कामाची मुभा आपोआप मिळाली आणि भाषा शिकायला, परीक्षेला बसायला सवड मिळाली. घरात पगार येत होता. एकटीने येऊन लगेच स्वतःचं दुकान मांडायचा व्हिसा मिळवणं फार अवघड आहे. तुला एकटीला यायचं असेल, तर फिजिओथेरपीचं नाहीतर नर्सिंगचं आउसबिल्डुंग, म्हणजे व्यवसायाचं प्रशिक्षण, बघ, तीन वर्षांचं. नर्सिंगला शिकताशिकता पगार असतो. हाइलप्राक्टिकर त्यानंतर. म्हातारी माणसं उचलावी लागतील, बेडपॅन द्यावं लागेल. तुझी आई म्हणेल, डॉक्टर होऊन हे करायला गेली का? माझ्या आईला मी मसाज करते हे अजून माहीत नाही, ‘क्लिनिक आहे’ एवढंच माहीत आहे.

सध्या दोन कामं कर. इंटर्नशिपचे उरलेले महिने जमेल तेवढे सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत काढ. आणि जर्मन सुरू कर, बी-टू पातळीपर्यंत, पुण्याला मॅक्समुल्लर भवनात किंवा ऑनलाइन. ‘दुखतंय’ला इथे ठणकणं, टोचणं, जळजळणं असे वेगवेगळे शब्द आहेत, ते वहीत वेगळे लिहून ठेव, तोंडी परीक्षेत तेच लागतात. स्थळाचं तुझं तू बघ. पण मुलगा जर्मनीतला असेल तर त्याच्या व्हिसाचा प्रकार आधी विचार, पगार नंतर. नावाचे कागद स्कॅन करून पाठव, मी बघून देते.