घाटात वायपर थांबतो तेव्हा
भाऊ, कन्नडच्या घाटात जोर दिला की तुझ्या १९५१च्या शेवरलेटचा वायपर थांबतो, म्हणून लगेच वायपरची मोटर बदलू नको. तो विजेवर नाही, इंजिनच्या मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या, हवेच्या ओढीवर (व्हॅक्यूमवर) चालतो. ॲक्सिलरेटर दाबला की ती ओढच कमी होते. आधी मॅनिफोल्डपासून वायपरच्या मोटरपर्यंत जाणारी रबरी नळी बघ. आपल्याकडच्या उन्हानं ती कडक होऊन टोकाशी तडकते. इंजिन चालू ठेवून नळीजवळ कान ने, बारीक फुसफुस ऐकू येईल. नवीन टाकताना जाड भिंतीचीच घे, पातळ नळी ओढीनं चपटी होते. मग वायपरचे जोडदांडे मोटरपासून सोडवून हातानं हलव. अडकले तर साफ करून तेल दे. निम्मं दुखणं इथंच असतं! तरीही चढावर मंदावला, तर एकतर्फी व्हॉल्व्ह लावून ओढ साठवणारी छोटी व्हॅक्यूम टाकी बसव. माझ्या गाडीला बसवलीय, छोटे चढ निभावतात. लांब घाटात मात्र मधूनमधून पाय उचलावाच लागतो.