वाचकांचे प्रश्न : वास्को द गामाने नेमके काय शोधले?

प्रश्न : गेल्या रविवारी मुलांना पांडवलेणी दाखवायला नेले होते. तेथील एका लेण्याचा दाता शिलालेखात स्वतःला 'योणक', म्हणजे यवन किंवा ग्रीक, म्हणवतो असे समजल्यावर सहावीतल्या मुलीने विचारले, की वास्को द गामाने भारताचा सागरी मार्ग १४९८ मध्ये शोधला, तर हा यवन त्याच्या कितीतरी शतके आधी नाशिकला आला कसा? मला उत्तर सुचले नाही.
— एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर : प्रश्न रास्त आहे, मात्र आधी थोडी दुरुस्ती करावी लागेल. लेणे क्रमांक १७ चा दाता, धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, आपण उत्तरेकडचे आणि दत्तामित्रीचे रहिवासी असल्याचे सांगतो. त्यामुळे तो खुष्कीच्या वाटेने आला असण्याची शक्यताच अधिक दिसते. शिवाय इंद्र आणि अग्नी हे दोन्ही देव ज्याच्या नावात आहेत, त्याला थेट ग्रीसहून गलबतात बसवून आणण्याचे आपल्याला कारण नाही. समुद्राचा धागा शोधायचा असेल तर लेणे क्रमांक १० च्या ओसरीत उभे राहावे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने तेथील लेखात भरुकच्छ आणि शूर्पारक, म्हणजे भडोच आणि सोपारा, या बंदरांच्या ठिकाणी केलेले दानधर्म नोंदवले आहेत.

या बंदरांत पाश्चात्त्य गलबते येत होती, याविषयी शंका नाही. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा आणि कल्याण यांची नावे आहेत आणि पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंदही आहे. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमीला तर 'नासिक' हे नावही ठाऊक होते. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून जुलैच्या सुमारास निघायचे, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडायचा आणि हिवाळ्यात वारे फिरले की परतायचे, असा हा क्रम होता. त्यांपैकी मायोस होर्मोस या एका बंदरातून वर्षाला १२० गलबते भारताकडे जात, असे ग्रीक भूगोलकार स्ट्राबोने लिहून ठेवले आहे. अडचण एवढीच होती, की माल तांबड्या समुद्राच्या काठी उतरवून उंटांवरून नाईल नदीपर्यंत न्यावा लागे आणि तेथून होड्यांनी अलेक्झांड्रियाला पोहोचवावा लागे. पुढील काळात या वाटेवर इजिप्तचे सुलतान जकात घेत आणि व्हेनिसचे व्यापारी नफा घेत, त्यामुळे लिस्बनला मिरी पोहोचेपर्यंत तिची किंमत अनेक पटींनी वाढलेली असे.

पोर्तुगीजांना हा मधला टप्पाच टाळायचा होता. आफ्रिकेचे दक्षिण टोक बार्तोलोमेउ दियास १४८८ मध्ये वळसा घालून आला होता. त्याच्या पुढचे पाऊल वास्को द गामाने टाकले आणि ८ जुलै १४९७ रोजी लिस्बन सोडले. त्याचे खरे कर्तृत्व अटलांटिकमध्ये आहे, असे माझे मत आहे. किनारा धरून न जाता अनुकूल वारे मिळवण्यासाठी त्याने भर समुद्रात मोठे वळण घेतले आणि केप व्हर्द बेटे सोडल्यावर त्याच्या खलाशांना सुमारे तीन महिने जमीन दिसली नाही. कोलंबस कॅनरी बेटांहून ३६ दिवसांतच पलीकडच्या किनाऱ्याला लागला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या धाडसाची कल्पना येते.

अरबी समुद्र मात्र त्याने शोधलेला नाही. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालिंदीच्या राजाने दिलेल्या वाटाड्याने एप्रिल-मे १४९८ मध्ये सुमारे २३ दिवसांत त्याची गलबते मलबारच्या किनाऱ्यावर आणली. हा वाटाड्या म्हणजे प्रसिद्ध अरब दर्यावर्दी इब्न माजिद, ही समजूत आता बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. एका पोर्तुगीज इतिहासकाराने या वाटाड्याला गुजरातचा म्हटले आहे. परतताना वारे पुरते फिरण्याआधीच घाई करून निघालेल्या या ताफ्याला तोच समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले. हिरड्या सुजून दात झाकले जाण्याच्या रोगाने, म्हणजे स्कर्व्हीने, त्या एका टप्प्यात सुमारे ३० माणसे दगावली आणि गलबत हाकायला हात पुरेनात म्हणून 'साव राफाएल' जाळून टाकावे लागले.

मुलीला सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. कालिकतला आल्यावर ताफ्यातून जो पहिला माणूस किनाऱ्यावर उतरवला गेला, त्याला तेथे ट्युनिसचे दोन मुसलमान व्यापारी भेटले आणि त्यांनी शिवी हासडून तू इथे कसा, असे चक्क स्पॅनिश भाषेत विचारले. पुढे सामुतिरीसाठी, म्हणजे कालिकतच्या राजासाठी, आणलेली भेट, म्हणजे बारा पट्टेरी कापडे, सहा टोप्या, हात धुण्याची सहा भांडी, साखर, तेल आणि मध, पाहून त्याचे अधिकारी हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही याहून अधिक देतो, असे त्यांनी ऐकवले. तेव्हा 'भारताचा सागरी मार्ग' या शब्दांआधी मुलीने वहीत 'आफ्रिकेला वळसा घालून जाणारा' एवढे लिहावे, म्हणजे वाक्य बरोबर होईल.

प्रश्न : मिरची आपली नव्हे, ती पोर्तुगीजांनी आणली, हे खरे आहे का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : खरे आहे. मिरी शोधायला निघालेल्या कोलंबसाला अमेरिकेत मिरी मिळाली नाही, मिरची मिळाली, आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्याकडे पोहोचली. तिखटपणासाठी आपल्याकडे आधी मिरीच होती. नव्या फळाला तिच्याच कुळातले नाव मिळाले. आपल्या मिसळीत मिरचीखेरीज टोमॅटो आणि बटाटाही अमेरिकेचेच आहेत, कांदा आणि मटकी मात्र जुनी. 'बटाटा' हा शब्दही आपण पोर्तुगीजांकडून जसाच्या तसा उचलला. पाव अमेरिकेचा नाही, पण त्याचे नाव पोर्तुगीजच आहे.